नवीचं बारसं राहून गेलं

आमच्या समोरच्या दारातल्या काकांइतका संशयी माणूस अख्ख्या वसई तालुक्यात शोधून सापडणार नाही. दूधवाला, इस्त्रीवाला, सोसायटीचा सेक्रेटरी, स्वतःचा जावई, यांपैकी कुणाच्याही हातांवर त्यांचा विश्वास नाही. हातांवर म्हणजे खरोखरच हातांवर. ते धुतलेत की नाहीत, एवढ्यापुरता. अशा माणसानं आयुष्यात डोळे मिटून विश्वास टाकला तो एकाच माणसावर, आणि तो माणूस मी. त्या विश्वासाचं मी एका दुपारी काय केलं, हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला तर मी डब्यातली भाजी ऑफिसात कुणाला वाटली तेसुद्धा सांगतो. आज सांगणार आहे. पण आधी काका सांगायला हवेत, नाहीतर मी काय करून बसलो त्याचं वजन तुम्हाला कळायचं नाही.

पापडीकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची तीन मजली इमारत आहे. दुसऱ्या मजल्यावर त्यांचं दार आणि आमचं दार समोरासमोर. काका शिडशिडीत, अंगात बनियन, खांद्यावर कायम ओलसर पंचा, आणि हातांचे तळवे नुकतंच पोहून आल्यासारखे सुरकुतलेले. ते बेल कोपरानं वाजवतात, दार कोपरानं ढकलतात, जिन्यातला दिवाही कोपरानंच लावतात. त्यामुळे त्यांचे शर्ट कॉलरला नवे आणि कोपराला विरलेले असतात. कुणी पेढे आणले तर पेढ्याआधी पेढेवाल्याची चौकशी होते. एकदा माझ्या मेव्हण्यानं, पहिलीच भेट म्हणून, हस्तांदोलनाला हात पुढे केला. काकांनी तो हात नीट न्याहाळला, आणि मग दोन्ही हात जोडून इतका वाकून नमस्कार केला, की मेव्हणा अजूनही म्हणतो, "भाऊजी, काय संस्कार आहेत तुमच्या शेजाऱ्यांचे."

गंमत अशी की हाच माणूस तरुणपणी सोवळ्याचा शत्रू होता. त्यांची आई गुहागरकडची, कडक सोवळ्यातली. वाळत घातलेल्या तिच्या लुगड्याला काका मुद्दाम बोट लावून येत आणि मार खात. पुढे वसईत बिऱ्हाड झालं, काकूंना पाखरांची हौस लागली, आणि गॅलरीत पिंजरा आला. दुकानदार ज्यांना लव्हबर्ड म्हणतात ती निळी-हिरवी पाखरं, चांगला भरलेला पिंजरा. त्यात काकांनी एके दिवशी बाजारातून आणलेलं एक पाखरू, पंगतीत आयत्या वेळचा पाहुणा बसवावा तसं, सरळ आत सोडलं. पाहुणा दिसायला ठणठणीत होता. आठवडाभरात एकेक पाखरू पिसं फुगवून कोपऱ्यात बसायला लागलं, आणि महिना सरला तेव्हा पिंजऱ्यात नुसता झोपाळा हलत होता. काका ते कधी विसरले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी पाखरांसाठी जे सोवळं सुरू केलं, ते पाहून त्यांची आईसुद्धा थोडं सैल घे म्हणाली असती. काकू म्हणायच्या, "सासूबाईंनी सूड उगवला हो. सुनेकडून नाही, मुलाकडूनच पाळून घेतलं."

हे सोवळं काय होतं ते ऐका. नवं पाखरू आलं की ते मागच्या खोलीत, सव्वा महिना, बाळंतिणीसारखं. दार बंद. दाराबाहेर खिळ्याला एक जुना शर्ट. आत जाताना तो घालायचा, बाहेर येताना तिथंच टांगायचा. त्या खोलीची वाटी वेगळी, फडकं वेगळं, केरसुणी वेगळी. आणि सगळ्यांत मोठा नियम, क्रमाचा: दाणापाणी आधी जुन्यांना, मग नव्याला. नव्याचं झालं की थेट अंघोळ. नव्याकडून जुन्याकडे परत यायचं नाही, म्हणजे नाहीच. "अरे, रोग काही पंखांनी उडत जात नाही," ते मला सांगायचे, "तो आपल्या हाताला धरून चालत जातो. आपणच त्याला बोट देतो." सव्वा महिना होईपर्यंत नव्या पाखराला नावही नाही. तोवर ते नुसतं 'नवा' किंवा 'नवी'. सव्वा महिना सुखरूप गेला की पाखराला बाहेर आणून बारसं व्हायचं. काकू घुगऱ्या करायच्या, इमारतीतल्या बायका यायच्या, आणि तळहाताएवढ्या पाखराच्या पिंजऱ्याला हलकेच झोका देत, हसून हसून डोळे पुसत, पाळणा म्हणायच्या. पाचूबंदरहून मासे घेऊन येणारी एक मावशी त्यांच्या पाखरांना चोच घासायला माकुळाचं हाड आणून देते. तीही एकदा टोपली जिन्यात ठेवून घुगऱ्या खायला बसली होती. "काका, हाड पान्यानं चांगला धुवून आनलाय," ती म्हणाली, "तरी तुमी परत धुनार, ठाव हाय मला. माज्या पोरांना कोनी येवढा धुतला असता तर गोरी झाली असती."

यातूनच पुढे आला मास्तर. मास्तर म्हणजे कॉकाटील, पोपटाच्याच जातीतला, राखाडी अंगाचा, पिवळ्या तोंडाचा, गालांवर शेंदरी ठिपके आणि डोक्यावर तुरा. बारशाच्या दिवशी तो टेबलावरून छाती काढून असा चालला की काकूंनी तिथल्या तिथं नाव ठेवलं. मास्तर बोलत नाही, शिट्टी वाजवतो, आणि तीही एकच. काकूंचा दुधाचा कुकर होता, जुना, शिट्टीवाला. सकाळी काकू तो गॅसवर चढवून अंघोळीला जायच्या. शिट्टी बारीक सुरू व्हायची, चढत चढत टिपेला जायची, आणि मग न्हाणीघरातून हाक, "अहो, गॅस." काका "आलो, आलो" करत जायचे, बटण फिरवायचे, आणि शिट्टी मध्येच तुटायची. मास्तरनं ती जशीच्या तशी उचलली, चढासकट आणि तुटण्यासकट. इमारतीतल्या बायका कितीदा तरी हातातलं काम टाकून आपापल्या स्वयंपाकघरात धावल्या असतील. माझी बायको तर एकदा माहेरी फोनवर बोलता बोलता उठून रिकामा गॅस बंद करून आली.

काकू गेल्या त्यानंतर काकांनी तो कुकर माळ्यावर टाकला. पिशवीचं दूध पातेल्यात तापवू लागले. पण मास्तरला कोण सांगणार. सकाळी त्याची शिट्टी सुरू व्हायची, चढायची, आणि काका "आलो, आलो" म्हणत उठायचे, स्वयंपाकघरात जायचे, बंद असलेल्या गॅसच्या बटणाला हात लावायचे. मास्तर गप्प व्हायचा. आमच्या दारातून हे ऐकू यायचं. मी त्यांना कधी त्याबद्दल विचारलं नाही. इतकी वर्षं संशय घेण्यात घालवलेला माणूस एखादी गोष्ट इतक्या विश्वासानं करतो, तेव्हा विचारू नये.

बाकीची जुनी पाखरं तोवर वय होऊन एकेक करत गेली होती. मास्तर मात्र एकटा पडला, पिसं उपटू लागला. काकांच्या मुलीनं ठाण्याहून फोनवर सांगितलं, "बाबा, त्याला जोडीदारीण आणा." काकांनी मला बरोबर घेतलं आणि दुकानात जाऊन त्या दुकानदाराला असं फैलावर घेतलं, की मुलीच्या बापालाही कुणी तसं घेतलं नसेल. ही कुठून आली, कुणाच्या शेजारच्या पिंजऱ्यात होती, तिथलं कुणी आजारी होतं का. दुकानदार कंटाळून म्हणाला, "अंकल, लेना है तो लो, शादी थोडी करनी है." "शादीच करायची आहे," काका म्हणाले. त्यांनी नवीचे डोळे पाहिले, नाकपुड्या पाहिल्या, शेपटीखालची पिसं पाहिली. सगळं स्वच्छ. "हेच तर वाईट असतं," ते रिक्षात मला म्हणाले. "आजारी दिसतं त्याला आपण दूर ठेवतोच. न दिसणाऱ्यासाठी सव्वा महिना." नवी मागच्या खोलीत गेली. दार लागलं.

आणि पंधरवडाही झाला नसेल तोच ठाण्याला नातवाची मुंज निघाली. काकांना दोन रात्री जाणं भाग होतं. किल्ली त्यांनी मला दिली. द्यायच्या आधी त्यांनी माझ्याकडून क्रम पाढ्यासारखा म्हणून घेतला. आधी कोण? मास्तर. मग? शर्ट. मग? नवी. मग? अंघोळ. "आणि नवीकडून मास्तरकडे?" "नाही." "कधी?" "कधीच नाही." त्यांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "जावयाला सुद्धा देणार नाही मी ही. तुला देतोय." माझा ऊर भरून आला, हे कबूल करायला हवं. ऑफिसात माझ्यावर कपाटाची किल्लीसुद्धा कुणी सोपवत नाही.

पहिला दिवस मी अक्षर न् अक्षर पाळला. दुसऱ्या दुपारी मास्तर दाणे खाईना. मागच्या खोलीतून नवीची कोरडी 'ट्यॅं' यायची, की हा पिंजऱ्याच्या त्या बाजूला जाऊन तारेला गाल लावायचा आणि बंद दाराकडे बघत राहायचा. आमचं लग्न कांदेपोह्यांचं. मला बायको दाखवली ती बशी पुढे करण्यापुरती, पण दाखवली तरी. इथं तर मुलगी घरात येऊन बसली, मुलीचं मूळ-कूळ काढून झालं, आणि मुलानं तिला पाहिलेलंही नाही. मला ते फार अन्यायाचं वाटलं. लग्न नको, निदान बघण्याचा कार्यक्रम तरी होऊ दे, असं म्हणून मी नवीचा पिंजरा उचलून हॉलमध्ये आणला आणि टीपॉयवर मास्तरसमोर ठेवला.

इथंच थांबलो असतो तरी कदाचित निभावलं असतं. पण बघायला आलेल्यांना कोरडं कसं पाठवायचं. घरात भिजवलेले मूग होते. मी एका वाटीत घातले, वर कोथिंबिरीची काडी ठेवली, आणि दोन्ही पिंजऱ्यांची दारं उघडली. दोघं वाटीच्या दोन बाजूंना येऊन बसली. मास्तरनं तुरा उभारला आणि दुधाच्या कुकरची अख्खी शिट्टी वाजवली, अशी सुरेल की मीच उठून गॅस बघणार होतो. नवीनं मान झटकून एक बारीकशी शिंक दिली, त्याच्या तोंडावर आणि थोडी माझ्याही. मला वाटलं, लाजली.

संध्याकाळी मी तिला परत नेऊन ठेवलं, वाटी विसळली आणि फार पुण्याचं काम केल्यासारखा झोपलो. काका आले. दारातच विचारलं, "क्रम पाळलास?" मी म्हटलं, "हो." "शपथ नको घेऊ. पण पाळलास ना?" "हो काका." हे दोन हो मी आजतागायत गिळू शकलेलो नाही.

आधी नवी पिसं फुगवून बसली. डोळ्यांतून पाणी, विष्ठा हिरवीगार. काका म्हणाले, "बघ, सव्वा महिना म्हणून असतो." त्यांच्या आवाजात काळजी होती पण थोडा विजयही होता. काही दिवसांनी मास्तर शिंकला, आणि तो विजय गेला. विरारच्या पाखरांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, पोपटवर्गातल्या पाखरांचा ताप आहे, नवीन आणलेल्या पक्ष्यातून येतो, माणसालाही होऊ शकतो. तोंडाला मास्क बांधा, विष्ठा कोरडी झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा, औषध पाण्यातून दीड महिना, मध्ये सोडायचं नाही. आणि माकुळाचं हाड काढून ठेवा, त्यातल्या चुन्यानं औषध लागू पडत नाही. पाचूबंदरच्या मावशीला हे कळलं तेव्हा ती जिन्यातच बसून राहिली. "माजा हाड नडला का रं?" तिनं मला विचारलं. "नाही हो मावशी," मी म्हटलं. तिच्यापाशी एवढं तरी खरं बोललो.

सकाळची शिट्टी बंद झाली. मास्तर डोळे अर्धे मिटून कोपऱ्यात. काका त्या वेळेला उठायचेच, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे. "आलो" म्हणायला कुणी बोलावतच नव्हतं. तो माणूस त्या दीड महिन्यात मला उतरलेला दिसला, आणि पिंजऱ्यातल्या त्या मूठभर पिसांबरोबर काय जायला निघालंय, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

आता त्यांनी चौकशी सुरू केली. क्रम कुठं मोडला. माझ्यावर संशय घ्यायला पुरेपूर जागा होती. त्यांनी जावयाच्या मोबाइलवर संशय घेतला, मुंजीतल्या अक्षतांवर घेतला, दाराच्या फटीवर घेतला. माझ्यावर नाही. शेवटी त्यांनी आरोपी शोधून काढला, आणि तो ते स्वतःच. ठाण्याहून आल्यावर आपण दमून आधी नवीच्या खोलीत डोकावलो, आणि मग हात न धुता मास्तरच्या पिंजऱ्यावरचं कापड सारखं केलं, असं त्यांना आठवू लागलं. खरं म्हणजे ते आठवत नव्हतं, ते तसं ठरवत होते. "वय झालं रे," ते म्हणाले, "माझे हात माझ्या ध्यानात राहत नाहीत आता." मी चहा पीत होतो. चहा पीत राहिलो. घरी बायको म्हणाली, "इतकं धुणारा माणूस, त्यांच्या हातून कसं झालं असेल?" मी म्हटलं, आमटी छान झाली आहे.

मग मला ताप आला. कोरडा खोकला, डोकं फुटेल असं. मी मुद्दाम आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न जाता नालासोपाऱ्याला गेलो, जिथं मला कुणी ओळखत नाही. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणी आजारी? पक्षी-प्राणी?" मी म्हटलं, "नाही." "साचलेल्या पाण्यातून चाललात?" आता जुलैत वसईत राहून साचलेल्या पाण्यातून न चाललेला माणूस कुठून आणायचा. मी म्हटलं, "रोज." त्यांनी मान हलवली आणि लेप्टोसाठी म्हणून गोळ्या लिहून दिल्या. घरी येऊन पाकिटावरचं नाव वाचलं, तर तेच औषध जे मास्तरच्या पाण्यात पडत होतं. मास्तर, नवी आणि मी, तिघंही एकाच औषधावर. फक्त मला ते साचलेल्या पाण्याचं म्हणून मिळालं. काका रोज मास्क बांधून आमच्या दाराबाहेर दोन हात लांब उभे राहायचे आणि मऊ भाताचा डबा उंबऱ्यावर ठेवायचे. "माझ्यामुळेच झालं असणार त्याला," आत बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणायचे. "सांग त्याला, डॉक्टरांना पाखरांचं सांग म्हणावं." मी पांघरूण डोक्यावरून घेतलं. तो भात मी खाल्ला. चवही आठवते, मेतकूट घातलं होतं.

तिघंही बरी झालो. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पाखरं पुन्हा तपासली आणि म्हणाल्या, आता एकत्र ठेवायला हरकत नाही. इमारतीतल्या बायकांनी घुगऱ्यांना हरभरे भिजवायचे का विचारलं. काका म्हणाले, "डॉक्टरांना पाखरांचा भरवसा आहे. मला माझा नाही." आणि त्यांनी नवीला मागच्या खोलीतच ठेवलं. त्याला आता दोन पावसाळे होऊन गेले. सव्वा महिना काही संपत नाही. शर्ट खिळ्याला आहे, वाटी वेगळी आहे, क्रम तोच आहे, आणि बारसं झालेलं नसल्यामुळे नवी अजून नवीच आहे.

मी सांगायला गेलो नाही असं नाही. अनेकदा गेलो. मनाशी वाक्य जुळवून बेल वाजवायची, तर काका आधी हात धुवायला लावतात, मग पाय, आणि रस्त्यावरून आलेला असलो तर शर्टही काढून बाहेर टांगायला लावतात. माणूस दुसऱ्याच्या पॅसेजमध्ये बनियनवर उभा राहिला, की कबुली द्यायला लागतो तेवढा रुबाब त्याच्यात उरत नाही. मी साखर मागून परत येतो. आमच्याकडे साखरेचे तीन डबे झालेत.

परवा असाच गेलो होतो. मास्तरची शिट्टी केव्हाच परत आली आहे. थोडी खरखरीत झाली आहे, पण चढते. मी गेलो तेव्हा ती नेमकी चढत होती. मी सवयीनं काकांकडे पाहिलं. ते उठले नाहीत. शिट्टी टिपेला गेली, आणि बंद दारामागून नवीची कोरडी 'ट्यॅं' आली. शिट्टी तुटली.

"हल्ली गॅस ती बंद करते," काका म्हणाले.

मग ते पंच्यानं हात पुसत म्हणाले, "माझ्यानंतर या दोघांना तूच बघायचंस हं. किल्ली आहेच तुझ्याकडे. तुझ्याएवढा क्रम पाळणारा माझ्या बघण्यात दुसरा नाही." मी मान हलवली, साखर घेतली आणि घरी आलो.

क्रम मी मोडला, त्यांनी नाही. हे मला त्यांना सांगायचं आहे, आणि नवीचं बारसं माझ्याकडे बाकी आहे.